दोन रिकाम्या डब्यांची चूल: पाठपिशवीत मावणारी, घरच्या घरी

धूर म्हणजे न जळलेलं जळण. उघड्यावर दगड मांडून पेटवलेल्या जाळातून जो पांढरट-पिवळा धूर डोळ्यांत जातो, त्यात लाकडातून सुटलेले ज्वालाग्राही वायू असतात, डांबराचे बारीक थेंब असतात. पेट घ्यायच्या आतच ते गार पडतात आणि हवेत विरून जातात. म्हणजे आणलेल्या सरपणातला चांगला हिस्सा भांड्याला लागतच नाही.

इथे जी चूल बनवायची आहे ती हाच धूर पुन्हा पेटवते. त्यासाठी लागतात पत्र्याचे दोन रिकामे डबे आणि वर भांडं टेकायला एक तिसरा, बुटका डबा. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. नवख्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्यातला बराचसा वेळ भोकं पाडण्यात जातो.

आधी ही चूल जळते कशी ते पाहू, कारण ते कळलं की मापं पाठ करावी लागत नाहीत. लाकूड तापलं की साधारण दोन-अडीचशे अंशांच्या पुढे त्यातून वायू सुटायला लागतात. ज्वाला दिसते ती मुख्यतः या वायूंची. ते पूर्ण जळायला दोन गोष्टी हव्यात: भरपूर उष्णता आणि योग्य जागी हवा. आपल्या चुलीत हवा दोन वाटांनी येते. थोडी हवा आतल्या डब्याच्या बुडातून सरपणात शिरते आणि जाळ धुमसता ठेवते. बाकीची दोन डब्यांमधल्या पोकळीतून वर चढते, चढता चढता तापते आणि आतल्या डब्याच्या तोंडाजवळच्या भोकांतून वर येणाऱ्या धुरावर सुटते. तिथेच धूर पेटतो. सरपण वरून पेटवायचं आणि जाळ हळूहळू खाली उतरू द्यायचा, अशी ही पद्धत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ टॉम रीड यांनी १९८५च्या सुमारास या तत्त्वावरच्या छोट्या चुलींवर काम सुरू केलं. डब्यांच्या घरगुती चुली त्याच कुळातल्या.

घरगुती कॅम्पिंग चूल म्हटलं की अनेकजण आधी शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची, स्पिरिटवर जळणारी चूल सुचवतात. ती हलकी असते, बनवायला सोपी असते आणि चांगली चालते. तरी पहिली चूल म्हणून ती मी कुणाला सांगत नाही. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. चूल विझली असं समजून माणूस वरून स्पिरिट ओततो आणि भडका बाटलीपर्यंत पोचतो. सॅनिटायझर जेल जाळून केलेल्या चुलीलाही हाच धोका आहे. लाकडाचा जाळ निदान डोळ्यांना दिसतो, आणि जळण बाटलीतून वाहून न्यावं लागत नाही.

डबे निवडताना

बाहेरचा डबा साधारण १० सेंटीमीटर व्यासाचा आणि १२ सेंटीमीटर उंच. हवाबंद खाद्यपदार्थांचा ८०० ग्रॅमचा डबा साधारण याच मापाचा असतो. आतला डबा सुमारे ७.३ सेंटीमीटर व्यासाचा आणि ११ सेंटीमीटर उंच, म्हणजे नेहमीचा ४०० ग्रॅमचा. मापं तंतोतंत जुळलीच पाहिजेत असं नाही. दोन अटी मात्र पाळा. चारही बाजूंनी निदान एक सेंटीमीटर पोकळी राहिली पाहिजे, आणि आतला डबा बाहेरच्यापेक्षा थोडासाच, बोटाच्या पेराहून कमी, पण नक्की बुटका हवा. आतल्या डब्याचं बूड जमिनीला टेकलं तर खालची हवा बंद झाली समजा.

तिसरा डबा साडेआठ सेंटीमीटर व्यासाचा आणि चारेक सेंटीमीटर उंचीचा, पसरट.

डबा हातात आला की आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी पत्रा आहे, घ्या. नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम आहे, तो बाजूला ठेवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. लाकडाच्या जाळात, विशेषतः वरच्या भोकांपाशी, एवढं तापमान सहज होतं.

तीन प्रकारचे डबे अजिबात वापरू नका. रंगाचे, थिनरचे किंवा कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले तरी त्यांत अंश राहतो. स्प्रेचा डबा रिकामा वाटला तरी आत दाब असू शकतो, त्याला खिळा लावणं म्हणजे स्वतःहून अपघात ओढवून घेणं. तिसरा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, गॅल्व्हनाइज्ड पत्रा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणखी तापलं की त्याची वाफ होते. ती श्वासातून गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो. जुनी बादली किंवा पाइपचा तुकडा कापून चूल करायचा मोह इथेच सोडा.

आणखी एक बारकी गोष्ट. आतल्या डब्याच्या तोंडाची दुमडलेली गोल कड शाबूत असायला हवी, कारण चूल उभी राहते ती याच कडेवर. ओढून उघडायच्या झाकणाचा डबा किंवा आतल्या बाजूने कापणाऱ्या ओपनरने उघडलेला डबा चालतो. बाजूने कापणारा ओपनर मात्र कडच घालवतो.

हत्यारं

हातोडी, ५-६ मिलिमीटर जाडीचा खिळा, पत्रा कापायची कात्री, पक्कड, कानस, मार्कर, कागदाची पट्टी आणि चामड्याचे जाड हातमोजे. ड्रिल असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. हातमोजे मात्र नसले तर अडून राहा. डब्याचा कापलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो आणि जखम वाटते त्यापेक्षा खोल जाते. खिळा ठोकताना पत्र्याचे कण उडतात, म्हणून चष्मा लावा.

आतला डबा

डबा धुवून लेबल काढा. राहिलेला डिंक थोडं तेल चोळून निघतो.

आता बुडाला भोकं. डबा लाकडी ठोकळ्यावर पालथा घालून, म्हणजे ठोकळा आतून बुडाला टेकेल असा, बुडावर ६ मिलिमीटरची २०-२४ भोकं पाडा. ओळी सरळ आल्या नाहीत तरी बिघडत नाही, भोकं सगळ्या बुडावर पसरलेली असली म्हणजे झालं. कडेच्या अगदी लगत जाऊ नका.

वरच्या भोकांना मात्र नीट वेळ द्या. कागदाची पट्टी डब्याभोवती गुंडाळून घेराएवढी कापा. तिची अर्धी घडी, मग पुन्हा अर्धी, मग उरलेल्या लांबीच्या तीन घड्या. उलगडली की बारा सारखे भाग मिळतात, टेपने मोजत बसावं लागत नाही. ही पट्टी तोंडाच्या कडेखाली धरा आणि कडेपासून दीड सेंटीमीटर खाली, प्रत्येक घडीपाशी एक अशा बारा खुणा करा. भोकांमध्ये साधारण दोन सेंटीमीटर अंतर पडेल.

बाजूने खिळा ठोकला की पातळ पत्रा आत दबतो आणि डबा वाकडा होतो. त्यावर दोन उपाय. एक, डब्यात जेमतेम शिरेल असा गोल लाकडी ओंडका घेऊन त्यावर डबा आडवा चढवायचा. दुसरा, डब्यात ओली वाळू ठासून भरायची. पण बुडाला आधीच भोकं पडलेली असल्यामुळे त्यावर आतून कागद घालायला विसरू नका. पाणी भरून बर्फ करायची युक्तीही चालते, पण मग वरची भोकं बुडाच्या आधी पाडावी लागतात आणि बर्फ फुगून बूड थोडं बाहेर येतं. हाताशी असेल तर ओंडकाच बरा.

भोक आधी बारीक खिळ्याने पाडून मग जाड खिळ्याने मोठं केलं तर पत्रा फाटत नाही. आत वळलेल्या धारदार कडा पकडीने दाबून टाका.

बाहेरचा डबा

हा डबा चुलीत पालथा राहतो: बूड वर, उघडं तोंड खाली. वर आलेल्या बुडाला मोठं गोल भोक पाडून त्यातून आतला डबा खाली सोडायचा, तो आपल्या कडेवर लटकून राहतो.

गोल भोक हुबेहूब मापाचं कापणं जमलंय असं क्वचितच होतं, म्हणून ते कापूच नका. बुडाच्या मधोमध आतला डबा त्याच्या बुडावर उभा ठेवून भोवती रेघ मारा. त्या वर्तुळाच्या आत ६ मिलिमीटर अंतरावर दुसरं, लहान वर्तुळ काढा. मध्ये खिळ्याने मोठं भोक पाडून तिथून कात्री घाला आणि लहान वर्तुळ कापून टाका. उरलेल्या सहा मिलिमीटरच्या कडेला दर सेंटीमीटरला बाहेरच्या रेघेपर्यंत काप द्या. तयार झालेल्या पाकळ्या पकडीने खालच्या दिशेने वळवा. आता आतला डबा दाबत दाबत सोडा. पाकळ्या त्याला चहूबाजूंनी घट्ट धरतात आणि पोकळीतली गरम हवा फटीतून निसटत नाही. भोक एखाद मिलिमीटर वाकडंतिकडं आलं असलं तरी पाकळ्या ते सावरून घेतात. वरची भोकं कडेपासून दीड सेंटीमीटर खाली घ्यायला सांगितली ती यासाठीच: त्याहून वर घेतली तर पाकळ्या त्यांच्यावरच येतात.

डबा बसवण्याआधी बाहेरच्या डब्याला हवेची भोकं पाडून घ्या. ती खालच्या, म्हणजे उघड्या तोंडाच्या कडेपासून दीडेक सेंटीमीटर वर हवीत. किती पाडायची? इथे थोडा हिशेब करू. सहा मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. आतल्या डब्याला बुडाची २४ आणि वरची १२ मिळून ३६ भोकं, म्हणजे साधारण १००० चौरस मिलिमीटर. आत जाणारी सगळी हवा आधी बाहेरच्या भोकांतून यायची असते, तेव्हा तिथे याहून थोडी जास्त वाट हवी. बारा मिलिमीटरचं एक भोक ११३ चौरस मिलिमीटरचं असतं, अशी दहा पुरतात. डबे वेगळ्या मापाचे असतील तर आकडे बदला, प्रमाण बदलू नका.

बारा मिलिमीटरचा खिळा कुणाकडे नसतो. खिळ्याने भोक पाडून त्यातून कात्रीच्या टोकाने फुलीसारखे चार काप द्या आणि कोपरे आत मुडपा. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

भोकं जास्त असली की जाळ चांगला लागतो असं वाटून बुडाची चाळण करण्याची चूक सर्रास होते. खालून हवा जास्त गेली की लाकूड भराभरा जळतं आणि एकदम इतका वायू सुटतो की वरची हवा त्याला पुरत नाही. मग धूर आलाच. शंका असेल तर कमी भोकं पाडून सुरुवात करा, वाढवता केव्हाही येतात.

भांड्याचं कडं

भांडं थेट डब्याच्या तोंडावर ठेवलं तर जाळ गुदमरतो. मध्ये तीन-चार सेंटीमीटर मोकळी जागा हवी, ती पसरट डब्याने मिळते. त्याचं झाकण आणि बूड दोन्ही काढा. काही डब्यांचं बूड वेगळं लावलेलं नसतं, सबंध पत्रा एकसंध ओढलेला असतो आणि कडा गोलसर असते. त्यावर ओपनर चालत नाही, कात्रीनेच कापावं लागतं. शक्य असेल तर दोन्ही टोकांना दुमडलेली कड असलेला डबाच शोधा. कडेमुळे कडं दबत नाही.

कड्याच्या एका बाजूला पाच सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर उंच खिडकी कापा, सरपण तिथून टाकायचं. दोन्ही कडा अखंड ठेवा. उरलेल्या बाजूंना वरच्या कडेखाली सेंटीमीटरभर व्यासाची आठेक भोकं पाडा, तापलेली हवा त्यातून बाहेर पडते. सगळ्या धारा कानशीने घासा. हे कडं पालथ्या डब्याच्या बुडावर, त्याच्या उंच कडेच्या आत बरोबर बसतं, त्यामुळे भांडं हललं तरी घसरत नाही.

पहिला जाळ

डब्यांना आतून वार्निशसारखा थर असतो, बाहेरून कधी छपाईचा रंग. तो जळून गेल्याशिवाय चुलीवर काही शिजवायचं नाही. पहिला जाळ मोकळ्या जागेत, भांडं न ठेवता, अर्धा तास जोरात करा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. वास आणि धूर थांबला, पत्रा निळसर-करडा झाला की चूल तयार.

सरपण आणि पेटवणं

करंगळीएवढ्या किंवा त्याहून बारीक काटक्या, तीन-चार सेंटीमीटरचे तुकडे. मोडताना कट्ट आवाज झाला तर वाळलेली, वाकली किंवा साल धरून लोंबली तर ओली. जमिनीवर पडलेलं लाकूड खालून ओल धरतं. झुडपांत अडकून राहिलेल्या मेलेल्या फांद्या पावसानंतरही लवकर वाळतात. रंग दिलेलं, प्लायवूडचं किंवा रसायन लावलेलं लाकूड नको.

तुकडे वरच्या भोकांच्या जरा खालपर्यंत भरा. दाबून नका भरू, वारा खेळायला हवा. वर वाळलेलं गवत, लाकडाचा भुसभुशीत कीस किंवा पेट्रोलियम जेली चोळलेला कापूस ठेवा आणि वरून काडी लावा. पहिली दोन-तीन मिनिटं धूर होईल, पत्रा अजून थंड असतो. तो तापला की बारा भोकांतून आत वळलेल्या बारा छोट्या ज्वाला दिसतात, जणू भोकांतून गॅसच येतोय. तसं दिसलं की चूल जमली. मग कडं ठेवा, भांडं ठेवा.

एक लिटर पाण्याला किती सरपण लागेल? २५ अंशांचं पाणी १००वर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. चांगलं वाळलेलं लाकूड ग्रॅमला साधारण १६ किलोज्यूल देतं. त्यातली चौथाई भांड्याला लागली असं धरलं तरी ८० ग्रॅम, म्हणजे दोन ओंजळी काटक्या. भांड्यावर झाकण असेल आणि वाऱ्याला आडोसा असेल तर हा हिशेब खरा ठरतो. उघड्या भांड्यात आणि वाऱ्यात दुप्पट धरा.

ज्वाला मंदावून निखारे उरले की एकेक तुकडा खिडकीतून टाकत जा. एकदम मूठभर टाकलं तर थोडा वेळ धूर होतो.

काहीतरी बिनसलं तर

सतत धूर येत असेल तर पहिला संशय ओल्या सरपणावर घ्या, दुसरा भांड्यावर: भांडं उचलून बघा. उचलल्यावर जाळ स्वच्छ झाला तर कड्याची भोकं वाढवायला हवीत. जाळ लागतोय पण वरच्या भोकांतून ज्वाला येत नाहीत, असं असेल तर पाकळ्यांपाशी फट आहे किंवा सरपण भोकांच्या वर भरलंय. चूल सुरुवातीला चांगली जळते आणि मग मरगळते, तर बुडाची भोकं राखेने बुजली आहेत. काटकीने ढोसून मोकळी करा.

भांड्याला काजळी धरतेच. पेटवण्याआधी भांड्याला बाहेरून भांडी घासायच्या साबणाचा पातळ लेप दिला तर नंतर काजळी पाण्याबरोबर निघून जाते.

हे मात्र वाचल्याशिवाय पेटवू नका

तंबूत, तंबूच्या पडवीत, गाडीत किंवा बंद खोलीत ही चूल कधीही पेटवायची नाही. पाऊस असला तरी नाही, थंडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर थांबून नुसते निखारे उरतात तेव्हा जाळ निरुपद्रवी वाटतो, पण हा वायू तेव्हाच जास्त सुटतो. ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची चूल तंबूत घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठलेली नाहीत, असं पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

चुलीचं बूड उघडं आहे, खाली राख आणि निखारे पडतात. म्हणून खाली सपाट कोरडा दगड किंवा मोठ्या डब्याचं पत्र्याचं झाकण घ्या. नदीतून काढलेला ओला दगड नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. भोवतीचा दीड-दोन मीटरचा पालापाचोळा बाजूला करा आणि पेटवण्याआधीच पाण्याची बाटली हाताशी ठेवा. जिथे उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, तिथे लाकडाची चूलही त्या बंदीत येते. कडक उन्हाळ्यात, सोसाट्याच्या वाऱ्यात बंदी नसली तरी राहू द्या.

चूल उंच आणि निरुंद आहे, तेव्हा लिटरभर पाण्याहून जड किंवा सोळा-सतरा सेंटीमीटरहून रुंद भांडं ठेवू नका. आवरताना राखेवर पाणी ओता, काटकीने ढवळा, पुन्हा ओता. हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय जागा सोडायची नाही.

गार झालेली चूल कापडी पिशवीत घालून भांड्यात ठेवली की बाकीच्या सामानाला काजळी लागत नाही. ओली ठेवली तर गंज लवकर चढतो. बाहेरचा डबा खूप टिकतो. आतला मात्र जाळात राहून पातळ होत जातो, आधी भोकांच्या कडा झिजतात, मग बूड. तो बदलायची वेळ आली की जुना लगेच टाकू नका: कागदाची पट्टी त्याच्याभोवती गुंडाळून भोकांच्या खुणा उतरवून घ्या, आणि ती पट्टी चुलीच्या पिशवीतच ठेवा.